स्मरणशक्ती विकत मिळते का?

म्हातारं माणूस विसरायला लागलं की आपल्याकडे 'वय झालं' म्हणतात, 'सठिया गए' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. पण हा आजार आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा एका देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत हे प्रमाण जास्त आहे. इतके रुग्ण असतील तर तिथे बाजारही येणारच. तो कुठल्या वाटेने येतो, हे मात्र आपण पाहिलं पाहिजे.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. दोन मित्रांसोबत तो एक व्हिडिओ गेम तयार करतो आहे. मोबाइल टीव्हीला जोडायचा आणि समोर उभं राहायचं. पडद्यावर मेथी दिसली की डावीकडे पाऊल टाकायचं, वांगं दिसलं की उजवीकडे, आणि भोपळा आला की जागेवर थांबायचं. पाय हलतात आणि डोकंही चालतं. अशा खेळांना एक्सरगेम म्हणतात. ईदला सोलापुरात आला तेव्हा तो म्हणाला, "मामू, जाहिरात के वास्ते दो लाइनां लिखको देव." त्याला हवी असलेली ओळ अशी होती : रोज पंधरा मिनिटं खेळा, स्मृतिभ्रंश टाळा.

ती ओळ लिहायला मी नकार दिला.

कल्पना खोटी नाही. स्वित्झर्लंडच्या डिव्हिडाट कंपनीचा पायाने खेळायचा असाच एक पाट आहे. बेल्जियममधल्या वृद्धाश्रमांत डिमेन्शिया झालेल्या ४५ जणांवर त्याची चाचणी झाली. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. नुसते गाण्यांचे व्हिडिओ पाहणाऱ्यांपेक्षा खेळणाऱ्यांची चाल आणि आकलन सुधारलं, उदासी कमी झाली. पण ही माणसं आधीच आजारी होती आणि अभ्यास छोटा होता. थोडी सुधारणा होणं वेगळं आणि आजारच टळणं वेगळं. टळला असं म्हणायचं तर हजारो निरोगी माणसांना वर्षानुवर्षं पाहावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांत व्यायामाची ठाम शिफारस आहे. मेंदूच्या सरावाबद्दल मात्र तिने पुरावा कमकुवत असल्याचं सांगितलं. अमेरिकेत लुमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या कंपनीने असेच दावे केले होते. २०१६ मध्ये तिला वीस लाख डॉलर भरावे लागले.

भाचा नाराज झाला. "नानी के वास्तेच बनाया मैं," तो म्हणाला. ते खरं होतं. माझ्या अम्मीने चाळीस वर्षं विड्या वळल्या. हिशेबात ती कधी चुकायची नाही. हल्ली जेवून उठली तरी विचारते, "खाना हुआ क्या?"

दुसऱ्या दिवशी त्याने अम्मीला टीव्हीसमोर उभं केलं. गेममधला आवाज बातम्या देणाऱ्या बाईचा, 'सही विकल्प चुनिए' असं सांगणारा. अम्मीला 'विकल्प' कळला नाही, शिवाय तिला कमी ऐकू येतं. "बच्च्यां का खेल, मेरेकू नको," म्हणून ती बसली. मग शेजारच्या दोघी आल्या, हसत हसत खेळल्या. तेव्हा कुठे अम्मी उठली, आणि सात-आठ मिनिटं खेळली. पण मोबाइलचा कॅमेरा दिसताच एका शेजारणीने पदर सावरून विचारलं, "ये फोटू कहाँ जाते?" भाच्याकडे तयार उत्तर नव्हतं.

सोलापूरचं उत्तर मला त्या प्रश्नांतच दिसतं. चित्र फोनबाहेर जाता कामा नये, आणि हे सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगायला हवं. आवाज दखनीत, मराठीत, तेलुगूत हवा. मागे भक्कम खुर्ची हवी, कारण या वयातलं पडणं महागात पडतं. आणि घराघरांत विकण्याऐवजी तो दवाखाने आणि महिला मंडळांना द्यावा. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. तिथल्या कितीतरी बायका आता म्हाताऱ्या होत आहेत. एकटीला हे यंत्र परवडणार नाही, पण दहाजणी मिळून खेळतील. एकटेपण कमी होणं हाही त्यात फायदाच आहे.

'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टी आहेत : अपुरं शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठं जीवन, एकटेपण वगैरे. या सगळ्या हाताळल्या तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा हिशेब आहे. खेळ त्यातल्या एक-दोन गोष्टींनाच हात घालतो. म्हणून मी भाच्याला सांगितलं, 'चाला, हसा, सोबत खेळा' एवढंच लिही. आणि खेळायला येणाऱ्या प्रत्येक बाईचा रक्तदाब आधी मोजायची, तिला ऐकू येतं का ते बघायची सोय कर.

अम्मीचे कान तपासायला आम्ही पुढच्या आठवड्यात जाणार आहोत.