सिंह आणि झुरळ

इटलीतल्या व्हेनिसला दरसाल सिनेमांचा मेळा भरतो. बक्षीस म्हणून सिंह देतात. २०१४ साली 'कोर्ट'ला तिथं 'भविष्याचा सिंह' भेटला. पहिल्याच सिनेमाला द्यायचं बक्षीस, सोबत एक लाख डॉलर. शिवाय 'ओरिझोंती' विभागात सर्वोत्कृष्ट. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे. मी तेव्हा शाळेत होतो, सिंह फक्त पुस्तकात पाहिलेला.

दोस्तहो, आपल्यातले काही म्हणतात, गोऱ्यांची शाबासकी काय चाटायची? मीपण म्हणायचो. सिनेमा न बघताच म्हणायचो, हे कबूल.

परवा रात्रपाळी करून आलो आणि मोबाईलवर लावला. चुलती शेजारी बसली. नारायण कांबळे नावाचा लोकशाहीर. पोरांची शिकवणी घेतो, जलशात गातो. पोलीस त्याला स्टेजवरून उचलतात. आरोप काय, तर ह्याचं गाणं ऐकून वासुदेव पवार गटारात उतरला आणि त्यानं जीव दिला! कांबळे झालेत वीरा साथीदार. नागपूरचे, 'विद्रोही'चे संपादक, आपल्याच चळवळीतला माणूस. २०२१ साली भीमजयंतीच्या आदल्या दिवशी कोरोनानं गेले.

मग वासुदेवची विधवा साक्षीला येते. धंदेवाईक नटी नव्हे ती. नवरा आधी गटारात खडा टाकायचा, सांगते. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, मग उतरायचा. वकील विचारतो, दारू प्यायचा का?

चुलतीनं पडद्यावर बोट ठेवलं. "थांबव."

हाच प्रश्न तिला पोलीस ठाण्यात विचारला होता. चुलता ठेकेदाराच्या कामावर गटारात गेला. पट्टा नाही, मास्क नाही. ठेकेदार म्हणतो, तो माझा माणूसच नव्हता. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या. २०२३ मध्ये त्याचे तीस लाख केले. आमच्या घरात त्यातला छदाम नाही. व्हेनिसचा मेळा अकरा दिवसांचा, अकराव्या दिवशी पंचांनी निकाल दिला. आमच्या केसचं सहावं साल चालू आहे. सिनेमातल्या जज्जासारखी आमच्या जज्जालाही सुट्टी लागते.

तरी राग त्या पंचांवर काढवत नाही. त्या परक्या माणसांनी खुर्चीत बसून त्या बाईचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आमच्या साहेबानं चुलतीला मध्येच तोडलं होतं.

"बक्षीस त्या बाईला भेटलं का रं?" चुलती म्हनली.

"सिनेमाला भेटलं, काकी."

ती गप्प. मग म्हनली, "झुरळाचं त्यास्नी कळलं आसंल का?"

कळलं असेल, म्हणालो. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं होती.

"मागं घे. ती बोलती तेवढंच लाव."

तीनदा लावलं. चौथ्यांदा मोबाईलची बॅटरी गेली.