अंधारात ठेवलेली कुंडी

प्रकाशसंश्लेषणाला ऊन लागतं हे दाखवायचं, तर सुरुवात अंधारापासून करावी लागते. पानात आधीचा स्टार्च शिल्लक असला, तर आयोडीन पडताच सगळं पान निळंकाळं होतं आणि काहीच सिद्ध होत नाही. म्हणून झाड दोन दिवस अंधारात ठेवून त्याचा साठा संपू द्यायचा. प्रॅक्टिकलच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं. आमच्या सोमवारच्या बॅचसाठी शनिवारी सकाळीच कुंडी उचलून स्टोअरच्या कपाटात ठेवायचे ते आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमधले मामा. सोमवारी आम्ही पोचायच्या कितीतरी आधी त्यांनी पानाला काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी गच्चीवर उन्हात नेलेली असे. आम्ही दुपारी ॲप्रन चढवून आयत्या पानावर शास्त्रज्ञ व्हायला मोकळे.

आज मी वनस्पतिशास्त्र शिकवते. विषयाची गोडी लावली ती आमच्या बाईंनी. पण प्रयोग हातात बसला तो मामांमुळे. शाळा त्यांची सातवीतच सुटलेली.

हायड्रिला ते गावाबाहेरच्या तळ्यातून बादलीतून आणत, आणि ती बादली झाकू देत नसत. फांदी कापायची ती पाण्यातच, कापलेलं टोक वर ठेवून. मग चंचुपात्रात उलटं नरसाळं, त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली परीक्षानळी पालथी. नळीत हवेचा एकही फुगा राहता कामा नये. मला ते जमेपर्यंत मामा शेजारी उभे राहत, पण नळीला हात लावत नसत. ‘‘अंगठा सोडायचा न्हाय, पाण्याखाली गेल्याबिगर,’’ एवढंच. शेवटी खाण्याचा सोडा, चिमूटभर. जरा वेळाने फांदीच्या टोकातून पहिला बुडबुडा सुटे, मग दुसरा, आणि मग बारीक मण्यांची माळच लागे. ते पाहताना मला पहिल्यांदा वाटलं, की झाड काहीतरी करतंय. तोवर झाड नुसतं असायचं.

पावसाळ्यात मामा खिडकीतून वर बघून सांगत, ‘‘बाई, आज हायड्रिला नको. आभाळ आलंय.’’ बाई त्यांचं ऐकत, आणि त्या दिवशी आम्हांला दुसरं प्रॅक्टिकल मिळे. अशाच एका दिवशी बाईंनी प्रीस्टलींची गोष्ट सांगितली. मेणबत्ती जळून विझलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली की काही दिवसांनी तिथे पुन्हा ज्योत जळते, हे त्यांनी 1771 साली पाहिलं. पण पुढे त्यांचे प्रयोग दर वेळी सारखे उतरेनात. मेख सापडली ती 1779 मध्ये, इंगेनहाउझ या डच डॉक्टरला: लागतं ते ऊन, आणि लागतो तो झाडाचा हिरवा भाग. त्यांनीही पानं पाण्यात बुडवून बुडबुडेच पाहिले होते. गोष्ट संपली तेव्हा मी मामांकडे पाहिलं. ते स्पिरिटच्या बाटल्या पुसत होते. प्रीस्टलींना जे उमगलं नव्हतं, ते या माणसाला आभाळाकडे बघून कळत होतं, असं तेव्हा मला वाटलं, अजूनही वाटतं.

नोकरी लागल्यावर पेढे द्यायला मी त्यांच्या घरी गेले. ते निवृत्त झाले होते. काय शिकवतेस, म्हणाले, तेव्हा मी आपल्या हायड्रिलाचंच सांगितलं. 1941 साली बर्कलीत रूबेन आणि केमन यांनी क्लोरेला शेवाळाला जड ऑक्सिजन असलेलं पाणी दिलं, आणि तोच जड ऑक्सिजन बाहेर पडणाऱ्या वायूत सापडला. म्हणजे आपण नळीत गोळा करायचो तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे, तो पाणी फुटून निघतो.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘वायू पाण्यातनं येतो, तर मग सोडा कशापायी टाकत हुतो आपण?’’

एवढी पुस्तकं वाचून, परीक्षा देऊन हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सोड्यामुळे पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि बुडबुडे भराभर येतात, एवढ्यावर आम्ही समाधानी होतो. मी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढून त्यांना समजावलं. पाणी फुटलं की त्यातले इलेक्ट्रॉन शेवटी एनएडीपी नावाच्या रेणूकडे जातात. कार्बन डायऑक्साइडची साखर करताना ते खर्ची पडले, तरच तो रेणू पुन्हा मोकळा होतो. कार्बन डायऑक्साइड नसला तर सगळं तुंबतं, आणि मागे पाणी फुटायचंही मंदावतं.

‘‘म्हंजे पुढं माल उचलणारा पायजे, तरच मागं गिरणी चालती,’’ मामा म्हणाले.

प्रकाशातल्या आणि अंधारातल्या अभिक्रियांचा संबंध मी तेव्हापासून असाच शिकवते. हायड्रिलाच्या प्रॅक्टिकलला सोडा टाकून झाला की बॅचला मामांचा प्रश्न घालते, आणि तो कुणी विचारला होता तेही सांगते.