घुमाऱ्याचा बंदोबस्त

सायलेन्सरचा धंदा करणाऱ्या माणसाकडे लोक आवाज बंद करवून घेण्यासाठी येतात असा जो सार्वत्रिक समज आहे, तो स्पोर्ट्‌स मोटारींच्या बाबतीत तरी साफ चुकीचा आहे. या मोटारीच्या मालकाने मूळचा सायलेन्सर उतरवून, बऱ्यापैकी रक्कम मोजून, परदेशी बनावटीचा मोकळा सायलेन्सर हौसेने बसवून घेतलेला असतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळताच घरच्यांना वर्दी मिळावी अशी त्याची मनापासून इच्छा असते. आणि तोच गृहस्थ पुढे केव्हातरी माझ्या शेडमध्ये येऊन कैफियत मांडतो की, ‘काका, बाहेरचा आवाज तसूभरही कमी करू नका, पण आत बसवत नाही हो.’ प्रथमदर्शनी ही मागणी परस्परविरोधी वाटते, आणि पुष्कळ कारागीर ती ऐकून हसतात. मला ती सर्वथा वाजवी वाटते, कारण बाहेर ऐकू येणारी गर्जना आणि आत छळणारा घुमारा या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि या कामातले सारे कौशल्य त्यांची फारकत करण्यातच आहे.

घुमारा मोठा असतो म्हणून जाचक होतो असे नाही. तो हटत नाही म्हणून जाचक होतो. गाडी जोरात पळवताना इंजिनाचा स्वर चढतो, उतरतो, आणि कान त्याच्यामागे आनंदाने धावतो. परंतु द्रुतगती मार्गावर तळेगाव मागे पडून गाडी शेवटच्या गिअरमध्ये शंभराच्या आसपास स्थिरावली, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता टेकलेला राहिला, की कानापेक्षा छातीला आणि कवटीला अधिक जाणवणारा एक जाड, सपाट ध्वनी केबिनमध्ये ठाण मांडून बसतो. शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो असेही नाही, आणि तरी खालापूरला पोहोचेपर्यंत डोके भणभणलेले असते.

उदाहरणादाखल निस्सानची ३७०झेड ही गाडी घेतो. आपल्याकडे या गाड्या मोजक्याच आल्या, पण घुमाऱ्याच्या अभ्यासाला तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. सहा सिलिंडरचे ३.७ लिटरचे इंजिन, दोनच आसने, आणि आसनांच्या पाठीमागे डिकी व केबिन यांच्यामध्ये भिंत अशी नाहीच. मागच्या काचेखालची सपाट जागा थेट बसणाऱ्याच्या खांद्यापर्यंत येते, आणि तिच्याच पत्र्याखाली आडवा सायलेन्सर टांगलेला असतो. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सहा सिलिंडरांत फेरीमागे तीन स्फोट. मिनिटाला २४०० फेऱ्यांवर सेकंदाला १२० स्फोट, अर्थात १२० हर्ट्‌झ. आता बंदिस्त जागेचाही स्वतःचा एक स्वर असतो. समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांत सुमारे १.४५ मीटर अंतर असले, तर त्या पोकळीचा पहिला अनुनाद नेमका १२० हर्ट्‌झच्या आसपास पडतो. नळीतून येणारी कंपने आणि पोकळीचा स्वर एकमेकांना भेटले की नळीच्या टोकाशी जे सुसह्य होते ते आसनावर असह्य होते. हा अनुनाद दोन्ही टोकांशी प्रबळ आणि मध्यावर क्षीण असतो, आणि दोन आसनी गाडीत डोके जवळजवळ मागच्या टोकाशीच असते. शेजारी बसून मी हळूच पुढे, डॅशबोर्डाकडे वाकतो. डोके हातभर पुढे जाताच घुमारा एकदम विरला, तर गुन्हेगार कोण याविषयी माझी बरीचशी खात्री पटते.

तरीही खात्रीला पुरावा हवा. सहाव्या गिअरमध्ये शंभराला येणारा घुमारा पाचव्यात ब्याऐंशीच्या सुमारास, म्हणजे त्याच २४०० फेऱ्यांवर, जसाच्या तसा आला, तर तो इंजिनाच्या नळीचा. फेऱ्या बदलूनही तो वेगालाच चिकटून राहिला, तर टायर किंवा बेअरिंग पाहावे, सायलेन्सरला हात लावू नये. मोबाइलमधले डेसिबलचे आकडे घेऊन येणाऱ्या मालकांना मला नेहमी एक गोष्ट समजावून द्यावी लागते. ही मापने बहुधा ‘ए’ भारांकनाची असतात, आणि त्या पद्धतीत १२५ हर्ट्‌झच्या ध्वनीतून सुमारे १६ डेसिबल वजा होतात. म्हणजे ज्या ध्वनीची फिर्याद आहे त्यालाच पंचनाम्यातून बहुतांशी वगळलेले असते. मला आकडा नको, आलेख हवा: कोणत्या कंपनसंख्येवर शिखर उभे आहे ते दाखवणारा. तेवढे काम साध्या फोनवरही भागते.

शिखर सापडले तरी लगेच नळी कापायची नाही. गाडी लिफ्टवर चढवून, टॉर्च तोंडात धरून, मी प्रथम सायलेन्सरची रबरे पाहतो. निबर झालेले रबर अंगठ्याने दाबले जात नाही. आणि ‘स्पोर्ट्‌स’ म्हणून विकले जाणारे कडक पॉलियुरेथेनचे हँगर तर नवे असतानाच निबर असतात, नळीची थरथर ते विनातक्रार पत्र्याच्या हवाली करतात. मग नळी कुठे टेकते आहे काय ते पाहायचे. गाडी गार असताना अंतर दिसते आणि कारागीर फसतो. दोन मीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची नळी तीनशे अंशांनी तापली की सुमारे एक सेंटिमीटर वाढते, आणि गार असताना मोकळी दिसणारी नळी महामार्गावर उष्णतारोधक पत्र्याला घासू लागते. अशा जागी पत्र्यावर बोटाच्या नखाएवढा एक चकचकीत डाग असतो. सभोवार धूळ आणि काळवंडलेपण, आणि मध्येच हा घासून उजळलेला ठिपका. तो ज्या दिवशी सापडतो त्या दिवशी क्लॅम्प सैल करून, नळी थोडी फिरवून, तासाभरात गाडी परत जाते. बिल किरकोळ होते आणि मालकाला काम झाले असे वाटतही नाही.

पुष्कळ जण याआधीच एक वळसा घेऊन आलेले असतात. कोणीतरी सल्ला दिलेला असतो की संपूर्ण मागच्या भागाला अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्याचे ब्यूटिल रबर चिकटवा. हे रबर निरुपयोगी नाही. डबा वाजावा तसा वाजणारा पत्रा ते मुका करते, आणि टायरचा वरचा सूर कमी करते. पण १२० हर्ट्‌झच्या ध्वनीची हवेतली तरंगलांबी जवळजवळ तीन मीटर असते; तिला दोन मिलिमीटरच्या थराची काय मातब्बरी? पडद्याचे वजन दुप्पट करावे तेव्हा कुठे सुमारे सहा डेसिबलचा लाभ, असा ढोबळ नियम आहे, आणि वजन दुप्पट-चौपट करत जाणे म्हणजे ज्या हलकेपणासाठी ही गाडी घेतली तोच गमावणे. हे मी सांगतो तेव्हा रबर आधीच चिकटलेले असते, आणि ते खरवडून काढण्याची मजुरी चिकटवण्यापेक्षा जास्त पडते.

घुमाऱ्यावर मला सर्वांत विश्वासू वाटणारा इलाज म्हणजे बाजूची बंद नळी. हेल्महोल्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली स्वरांच्या श्रवणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ठराविक स्वरालाच प्रतिसाद देणारे पोकळ गोळे त्याच्या हाताशी होते. पुढे १८९७ साली अमेरिकेत रीव्ह्‌ज बंधूंनी इंजिनाच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. या दोन वाटांचा संगम माझ्या वेल्डिंगच्या टेबलावर होतो. मुख्य नळीला एक फाटा काढायचा, त्याचे दुसरे टोक पक्के बंद करायचे, आणि त्याची लांबी नको असलेल्या ध्वनीच्या तरंगलांबीच्या पाव ठेवायची. आत गेलेला तरंग बंद टोकावर आपटून परत येतो तेव्हा अर्धी तरंगलांबी चालून आलेला असतो, साहजिकच मुख्य प्रवाहाशी त्याचे पाऊल नेमके उलटे पडते, आणि दोघे एकमेकांना खोडून काढतात. वायूचा मार्ग कुठेही अडत नाही, इंजिनाची ताकद कमी होत नाही, आणि इतर साऱ्या स्वरांना पूर्ण मुभा राहते. बाहेरची गर्जना शाबूत ठेवून आतला घुमारा उचलण्याची मालकाची मागणी येथे अक्षरशः मंजूर होते.

गोम लांबीत आहे. साध्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धरला, तर १२० हर्ट्‌झसाठी ७२ सेंटिमीटर नळी पुरते. पण तीनशे अंश तापलेल्या वायूत तोच वेग सुमारे ४८० मीटर होतो, आणि लांबी बरोबर एक मीटरवर जाते. खरी गोष्ट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते, कारण फाट्यातला वायू वाहत नाही, कोंडलेला असतो, आणि तोंडाशी तापलेला व टोकाशी निवलेला राहतो. म्हणून मी कागदावरच्या हिशेबाला शेवटचा शब्द देत नाही. फाटा मुद्दाम लांब ठेवतो, आणि टोकाशी वेल्डऐवजी आत-बाहेर सरकणारी, बोल्टने आवळता येणारी चकती बसवतो. मग गाडी रस्त्यावर न्यायची, नळी पुरती तापू द्यायची, आलेख पाहायचा, बाजूला थांबून हातमोजे घालून चकती थोडी सरकवायची, आणि पुन्हा निघायचे. शिखर बसत बसत एका जागी अचानक कोसळते. तेथे खूण करायची आणि शेडमध्ये आल्यावर टोक कायमचे जोडून टाकायचे. फाटा मुख्य नळीइतक्याच व्यासाचा घ्यावा. बारीक नळीचा परिणाम तेवढाच बारीक होतो. तो नळीच्या उघड्या मुखाजवळ काढू नये, कारण तेथे दाबाचे तरंग मुळातच दुबळे असतात. तो वळवून मुख्य नळीला समांतर, तिच्यापेक्षा खाली न लोंबता न्यावा. पुण्यातले गतिरोधक ज्याने पाहिले आहेत त्याला याचे कारण सांगावे लागत नाही. आणि बंद टोकाकडे किंचित चढ ठेवावा. सकाळी गार इंजिनातून निघणारे पाणी तेथे साठून राहिले, तर फाट्याची लांबीही बदलते आणि नळी गंजतेही.

हा इलाज संकुचित आहे, हे मी मालकाला आधीच सांगतो. २४०० फेऱ्यांसाठी बेतलेला फाटा ३२०० फेऱ्यांना काहीच करणार नाही. आपण बहुतांश वेळ कोणत्या फेऱ्यांवर असतो ते ज्याचे त्याने ठरवावे. बाकी उपायांची दखल थोडक्यात घेतो. ग्लासवूल भरलेला, जाळीदार नळीचा सायलेन्सर वरचे कर्कश स्वर उत्तम गिळतो, खालच्यांना हात लावत नाही. कप्प्यांचा सायलेन्सर खालचे आवरतो, पण वायूला वळसे घालायला लावतो. झडपेचे सायलेन्सर सोयीचे खरे. पण ती झडप एकदा काजळीने अडकली की उघडी राहते किंवा बंद, मालकाच्या मर्जीप्रमाणे नव्हे. ध्वनीने ध्वनी खोडण्याची विद्युत-युक्ती पॉल ल्यूगच्या १९३६ सालच्या पेटंटइतकी जुनी आहे, आणि आता ती काही गाड्यांत स्पीकरांतून कारखान्यातच बसवून येते. मात्र ती त्या गाडीच्या मूळ सायलेन्सरसाठी बेतलेली असते, नव्या सायलेन्सरसमोर तिचा अंदाज चुकतो.

कायद्याचे एक वाक्य सांगणे प्राप्त आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि १९८८ च्या अधिनियमाचे ५२ वे कलम मनमानी फेरफारांना आळा घालते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून देण्याचे काम मी घेत नाही, आणि घुमाऱ्यावरचा फाटा हा त्यावरचा उतारा आहे असेही कोणी समजू नये.

ज्यांना अजून सायलेन्सर घ्यायचाच आहे त्यांना एक विनंती आहे. दुकानात गाडी उभी असते, विक्रेता दोन-तीनदा अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, भिंती दणाणतात, आणि आपण पैसे देऊन मोकळे होतो. तसे करू नका. तोच सायलेन्सर बसवलेली कोणाची तरी गाडी मिळवा, काचा बंद करा, रेडिओ बंद करा, आणि शेवटच्या गिअरमध्ये, आपण रोज चालवतो त्या वेगाला, न थांबता निदान अर्धा तास चालवा; पैसे त्यानंतर द्या.