ललिता पवारांचा डावा डोळा

पैठणीचे गाव असलेल्या येवल्यात १८ एप्रिल १९१६ रोजी, रेशीम आणि सुती कापडाचे व्यापारी लक्ष्मणराव शगुन यांच्या घरी अंबाचा जन्म झाला. हीच पुढची ललिता पवार. मूकपटांच्या काळात, १९२८च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्या बालवयातच पडद्यावर आल्या. १९३२च्या ‘कैलाश’ची निर्मिती करण्यातही त्यांचा वाटा होता. ‘हिम्मत-ए-मर्दां’मधली (१९३५) आपली गाणी त्यांनी स्वतःच गायली. देखणी, गाती, चित्रपटही काढणारी नायिका, अशी ही सुरुवात होती. ती आज फारशी कुणाला आठवत नाही, याची खंत वाटते.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात नट मास्टर भगवान यांना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला. तेव्हा वय होते अवघे सव्वीस. तीन वर्षे औषधोपचार चालले. चेहरा बराचसा सावरला. डोळा मात्र कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका मिळणे बंद झाले.

मग तोच मिचका डोळा खाष्ट सासूची खूण ठरला. ‘दहेज’पासून (१९५०) सुनेला छळणाऱ्या बाईसाठी त्यांचेच नाव पुढे येऊ लागले. पदर खोचून त्या नुसत्या वळून बघत, आणि पुढे काय होणार ते प्रेक्षकाला कळे. एका जखमेचा चित्रपटसृष्टीने असा वापर करून घेतला. पण ‘श्री ४२०’मधली केळी विकणारी गंगामाई पाहावी, किंवा ‘अनाडी’मधली (१९५९) मिसेस डिसा. भाडेकरू राजवर ती सतत करवादते आणि त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करते. शेवटी भेसळीचे औषध घेऊन मरते. राग आणि माया एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी दिसतात, आणि त्या डोळ्यामुळे ती माया अधिकच खरी वाटते. या भूमिकेला फिल्मफेअर मिळाले. १९६१मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. एवढ्या मोठ्या अभिनेत्रीला सासूच्या साच्यात कोंबणे हा त्यांच्यावर अन्यायच होता.

१९८७मध्ये ‘रामायण’ मालिकेतल्या मंथरेने त्यांना घराघरात नेले, तेही पुन्हा दुष्ट बाई म्हणूनच. अखेरची वर्षे पुण्यात गेली. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी औंधच्या घरी त्यांचे निधन झाले. पती राजप्रकाश गुप्ता तेव्हा रुग्णालयात होते. घरी त्या एकट्याच होत्या.