दातांचाच ताप

सिद्धेश्वर एक्स्प्रेस गुरुवारी रात्रीची होती आणि मुन्नीला ताप भरला सोमवारी रात्री.

अम्मी-अब्बा, म्हणजे माझे सासू-सासरे, हजला निघाले होते. विमान रविवारचं, पण हज कमिटीकडून जाणाऱ्यांना दोन दिवस आधी हजर व्हावं लागतं. म्हणून शुक्रवारी सकाळी सीएसएमटीला उतरून तिथूनच जवळच्या हज हाउसला जायचं ठरलं होतं. सोडायला आम्ही सगळेच जाणार होतो. पाच तिकिटं काढलेली, सोळा महिन्यांची मुन्नी मांडीवर. त्यातली तीन तिकिटं वेटिंगवरून सरकत सरकत सोमवारी दुपारी कन्फर्म झाली होती. घरात त्याबद्दल पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

रात्री अकराला अंग तापलं. थर्मामीटर लावला, 101. अम्मींनी हात धुऊन तिच्या तोंडात बोट फिरवलं आणि निकाल दिला, "दाढां आरे इसकू. नीचे देख, कित्ता सुजा है."

मीही पाहिलं. खालची हिरडी खरंच सुजली होती. लाळ तर आठवडाभर गळतच होती, दिवसाला चार लाळेरी भिजत होती. मला हायसं वाटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून मी घरच्यांना बोल लावतेय असं वाटेल. दात म्हटलं की तिकिटं रद्द करावी लागत नाहीत. एवढा सरळ हिशेब माझ्या मनात होता, आणि तो मीही कुणाला बोलून दाखवला नाही.

मंगळवारी सकाळपासून मेहमान. हजला जाणाऱ्याच्या घरी निघायच्या आधीचे दिवस कसे असतात ते ज्यांच्या घरून कुणी गेलंय त्यांना माहीत आहे. दार बंद होत नाही. हार येतात, मिठाई येते. लोक गळाभेट घेतात, रडतात आणि दुआची चिठ्ठी हातात देतात. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाच्या मुलाला नोकरी नाही, कुणाचा कोर्टात दावा चालू आहे. अम्मी सगळ्या चिठ्ठ्या एका कापडी बटव्यात ठेवत होत्या. शेजारच्या काकू कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आल्या, सोलापूरकरांना सफरीसाठी दुसरं काय सुचणार! आणि आलेल्या प्रत्येकीने माझ्या कडेवरच्या मरगळलेल्या मुन्नीकडे पाहून एकच विचारलं, "दात येतायत ना?" विचारलं असंही नाही, सांगितलंच. फुफूने सांगितलं, विजापूर वेशीतल्या खालाने सांगितलं, काकूंनी सांगितलं. आमच्या गल्लीत इतकं एकमत मी निवडणुकीतही पाहिलेलं नाही.

मग उपाय. गार गाजर चावायला दे, हा चांगला होता, पण तिने गाजर फेकून दिलं. कुणी मधात टाकणखार कालवून हिरडीला चोळ म्हणालं. मी नको म्हटलं. टाकणखार लहान मुलाच्या पोटात जाऊ नये एवढं मला वाचून ठाऊक होतं. नणंद हसून म्हणाली, "मास्तरनी है वो, किताब में नई लिखे तो नई करती." कुणी नजर उतरवली. अब्बांनी सूरह फातिहा पढून दम केला. त्याला मी कधीच नको म्हणत नाही, मी स्वतःही करते. पण दम केल्यानंतर दवाही करायची असते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे नको तिथे शब्दांकडे लक्ष जातं. मराठीत दात येतात, पाहुण्यांसारखे. उर्दूत ते निकलते हैं, सफरीला निघाल्यासारखे. त्या दिवशी आमच्या घरात दोन्ही चालू होतं.

मंगळवारी रात्री 103.

मुलं झोपायच्या वेळी घरात बॅगा भरणं चालू होतं. अब्बा एहरामच्या दोन चादरी गुंडाळून पाहत होते. हे दर दहा मिनिटांनी बॅग वजनकाट्यावर ठेवत होते आणि अम्मी काढलेलं लोणचं पुन्हा आत ठेवत होत्या. मी मुन्नीचं अंग ओल्या फडक्याने पुसत बसले होते. पुसता पुसता लक्षात आलं की हिला सर्दी नाही. खोकला नाही. जुलाब नाहीत. दिवसभरात दोन घोट दूध. नुसता ताप. एवढ्या एका दाढेचा एवढा ताप?

औषध द्यायला बाटली घेतली तर घरात दोन बाटल्या निघाल्या. एक माझी, एक दिराने येता येता मेडिकलमधून आणलेली. दोन्ही पॅरासिटामॉल, दोन्ही गुलाबी. एकीवर पाच मिलीत 125 मिलिग्रॅम लिहिलेलं, दुसरीवर 250. दुपारी तिला कुठल्या बाटलीतलं दिलं हे कुणालाच आठवेना. मी ते आठवत नसलेलं माझं तोंड आरशात पाहिलं नाही तेच बरं. बॅगेचा काटा घेतला, मुन्नीला कडेवर घेऊन उभी राहिले, मग तिला यांच्याकडे देऊन एकटी. वजाबाकी नऊ किलो. पण मला लिहून दिलेलं औषधाचं प्रमाण ती आठ महिन्यांची असतानाचं होतं.

"सकाळी दाखवू," हे म्हणाले. अम्मी म्हणाल्या, "डॉक्टर कू दिखाव, पन दातां काच है वो."

बालरोगतज्ज्ञ बाईंनी आधी दोन्ही बाटल्या मागून घेतल्या, वजन केलं, आणि एका बाटलीवर पेनाने मोठा काट मारला. नऊ किलोला 125 च्या बाटलीतलं पाच मिली, 250 च्या बाटलीतलं त्याच्या निम्मं. घरात एकच बाटली ठेवा म्हणाल्या. (हे मुन्नीच्या वजनाचं गणित आहे. तुमच्या लेकराचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.) कान पाहिले, घसा पाहिला, छाती तपासली. मी म्हटलं, "घरचे म्हणतात दात येतायत."

"येतायतच," त्या म्हणाल्या. "सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होतात ते अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात येतात. म्हणजे या वयात मुलाला काहीही झालं तरी एखादा दात येतच असतो. त्यामुळे शोधला की सापडतो. दातांनी लाळ गळते, चिडचिड होते, अंग जरा कोमट लागतं. 103 ताप दातांनी येत नाही." मग म्हणाल्या, मुलगी आहे, सर्दी-खोकला काही नाही, नुसता ताप आहे, तर लघवी तपासायलाच हवी. आणि हातात एक निर्जंतुक डबी दिली.

सोळा महिन्यांच्या मुलीच्या लघवीचा नमुना कसा घ्यायचा हे बीएडला शिकवत नाहीत. नीट धुऊन, पहिली थोडी जाऊ देऊन मधली डबीत धरायची. मी पाऊण तास धरून बसले. मुन्नीने काही केलं नाही. मग अम्मी आल्या. भेटायला येणाऱ्यांसाठी नवा फिकट जांभळा सूट घातलेला, गळ्यात अजून मोगऱ्याचा हार. पाट घेतला, मोरीत बसल्या, मुन्नीला मांडीवर घेतलं, नळ सोडला आणि बारीक आवाजात "सूऽऽ सूऽऽ" सुरू केलं. बाहेर बैठकीत हाजी बाईंना भेटायला आलेल्या बायका ताटकळत. मी डबी धरून वाकलेली. वीस मिनिटांनी दाराची बेल वाजली, अम्मींनी मान वळवली आणि त्याच क्षणी झालं. निम्मं डबीत, निम्मं सूटवर.

तो त्यांचा दिवसातला तिसरा सूट होता. नापाक कपड्यांवर नमाज होत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी धुणं, बदलणं. हजसाठी शिवलेले कपडे बॅगेतून परत बाहेर निघत होते. त्या हार सावरत उठल्या आणि म्हणाल्या, "देखो, हज कू जानेवाली के हालां!" आणि इतक्या हसल्या की मुन्नीही तापात हसली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. लघवीत पू होता. पुढचा कल्चरचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागणार होते, पण अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं. मी प्रवासाचं विचारलं. बाई म्हणाल्या, ताप उतरायला एक-दोन दिवस लागतील. उलट्या झाल्या, औषध पोटात राहिलं नाही, तर भरती करावं लागेल. ते मुंबईत लॉजवर कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं.

घरी येऊन मी सांगितलं, मी आणि मुन्नी येत नाही.

अम्मी म्हणाल्या, "तो मैं बी नई जाती."

कुणी काही बोललं नाही. अब्बांनी आयुष्यभर यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिले, त्यातून साठवलेला पैसा. कुऱ्ह्यात नाव तिसऱ्या खेपेला आलेलं. विमान काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं, आणि त्या दोघांच्या वयात पुढच्या वर्षावर भरवसा कोण ठेवणार? पण अम्मींचंही खोटं नव्हतं. माझी शाळा सकाळची. सहा महिन्यांची असल्यापासून मुन्नी त्यांच्याकडे आहे. आंघोळ, खिमट, झोप, सगळं त्यांच्या हातून. ती त्यांना "अम्मा" म्हणते. मला अजून काहीच म्हणत नाही. मूल दुरावलं की कसं बेचैन होतं यावर मी बीएडला दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. आजी दुरावताना कशी होते यावर प्रश्न आला नव्हता.

माझी अडचण अशी होती. "आम्ही सांभाळतो, तुम्ही जा" म्हटलं तर त्याचा अर्थ तुमच्यावाचून अडत नाही असा होतो. "तुमच्याशिवाय नाही जमणार" म्हटलं तर त्या खरंच थांबतील. आणि खरं विचाराल तर मला दोन्ही वाटत होतं. त्या थांबल्या तर बरं, हेही वाटत होतं.

शेवटी मार्ग त्यांनीच काढला. मी औषधांच्या वेळा लिहून फ्रिजला चिकटवत होते. त्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, मला पण लिहून दे. उर्दूत लिही, मोठ्या अक्षरात. मी वहीचं पान फाडून लिहिलं. सकाळी आठ, रात्री आठ, अँटिबायोटिक. ताप असला तरच पॅरासिटामॉल, दोन डोसांत सहा तास. पाणी सारखं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, घडी घातली आणि बटव्यात ठेवलं. लग्न जमेना, नोकरी लागेना, कोर्टाचा दावा, आणि त्यात हे.

"आठ बजे मैं फोन करती," म्हणाल्या.

गुरुवारी रात्री रिक्षा दारात आली. हजला निघणारा माणूस सगळ्यांकडून "कहा-सुना माफ" मागून घेतो. दोन दिवस अम्मी ते प्रत्येकाला म्हणत होत्या, पाठ झाल्यासारखं. मी दारात मुन्नीला खांद्यावर झोपवून उभी होते. त्यांनी तिचा तळवा चुंबला, मग माझ्याकडे वळल्या आणि ते दोन शब्द म्हणालेच नाहीत. म्हणाल्या, "मैं दातां दातां बोलती बैठी. माफ कर बेटा."

मी म्हटलं, "मी पण तेच म्हणत होते, अम्मी."

त्यांना वाटलं मी त्यांचं मन राखायला म्हणतेय. रिक्षेचा हॉर्न वाजला, अब्बांनी घाई केली, आणि तिकिटांचं मला सांगता आलं नाही. माफी त्यांनी मागितली, मी मागायची राहिले.

शुक्रवारी सकाळी आठला फोन. मागे सीएसएमटीची अनाउन्समेंट. "दिया क्या?" दिलं होतं, तिने अर्धं थुंकलं होतं, पुन्हा दिलं. रात्री आठला हज हाउसमधून. शनिवारी पहाटे मुन्नीला घाम फुटला आणि ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. पुढे किडनीची सोनोग्राफी केली, तीही ठीक निघाली. रविवारी त्यांचं विमान गेलं तेव्हा मुन्नी वरणभात खात होती आणि मधेच थांबून मोरीकडे बोट दाखवून "अम्मा?" विचारत होती. पाट तिथेच होता.

औषधाचा कोर्स संपला तरी सकाळी आठचा फोन बंद झाला नाही. तिकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात, फज्रनंतरची वेळ. त्या हरमच्या अंगणातून फोन लावायच्या, आधी मिनार दाखवायच्या आणि मग विचारायच्या, खाल्लं का, शी झाली का. मुन्नी स्क्रीन चाटायची.

दहाव्या-अकराव्या दिवशी मी तिला भरवताना चमचा कशाला तरी खट्‌कन लागला. बोट घातलं. खाली उजवीकडे, सुजलं होतं त्याच जागी, दाढेचं टोक. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी फोन मुन्नीच्या तोंडापाशी धरला आणि ओठ खाली ओढून दाखवला.

अम्मींनी चष्मा वर केला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली आणि शेजारी बसलेल्या कुणा अनोळखी हाजी बाईलाही फोन दाखवला.

"देखो," त्या तिला म्हणाल्या, "मैं बोली थी ना, दाढां आरे."