नाक खरं बोलत होतं

"तुला कोणीतरी फसवलं. बाटली नकली आहे." मी फोनवर हे बोललो आणि पलीकडे थोडा वेळ कोणीच बोललं नाही. हा माझा कॉलेजचा मित्र. शकुंतला रेल्वेला वाफेचं इंजिन होतं तेव्हा आम्ही दारव्ह्याहून यवतमाळला एकाच बाकावर बसून गेलेलो. परदेशातून येताना त्याने ती बाटली फक्त माझ्यासाठी आणली होती. त्या शांततेची मला अजून लाज वाटते.

बाटली आर्डबेगची होती, 'वी बीस्टी'. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, 5 वर्षांची सिंगल माल्ट. माझी पहिली चूक तो आकडा वाचतानाच झाली. 12 आणि 18 वर्षांचं कौतुक ऐकून कान तयार झालेले. 5 म्हणजे स्वस्तातला माल, असं मी झाकण उघडण्याआधीच ठरवून टाकलं.

दुसरी चूक ओतताना. मे महिना, दिवसभराचं ऊन भिंतींत मुरलेलं. नेहमीसारखा 60 मिलिलिटरचा पेग भरला. आपल्याकडची नेहमीची व्हिस्की 42.8 टक्क्यांची असते, ही 47.4 टक्क्यांची, ते लेबलवर होतं, मी पाहिलं नाही. बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन जोरात श्वास ओढला. थेट दवाखान्यातली ड्रेसिंगची खोली, त्यात जळकी दोरी. घाबरून ग्लासभर बर्फ टाकला, मोठा घोट घेतला, घसा पोळला. ग्लासातलं उरलेलं मोरीत ओतलं आणि फोन लावला.

मित्राने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "बर्फ नको टाकू. थोडीशीच घे, चमचाभर पाणी टाक. अन् हुरड्याची आगटी आठव."

आगटी आठवली तेव्हा उलगडा झाला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या ज्वारीच्या दाण्यात धूर उतरतो, तसंच तिकडे होतं. दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेला पाला म्हणजे पीट. तो कापून, वाळवून जाळतात आणि त्याच्या धुरावर मोड आलेले ओले जव सुकवतात. धुरातले फिनॉल दाण्याला धरून राहतात आणि थेट दारूपर्यंत पोचतात. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल, जुन्या जंतुनाशकांतलं. मला दवाखाना आठवला तो उगाच नाही. माझं नाक खरं बोलत होतं. निकाल मी चुकीचा दिला.

वयाचंही तसंच. पिंपात वर्षं जातात तसा धूर मवाळ होतो, लाकूड पुढे येतं. ज्याला धूरच चाखायचा आहे, त्याच्यासाठी कोवळं वय हाच गुण. शिवाय स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातून वर्षाला सुमारे 2 टक्के उडून जातं; आपल्या उष्णतेत त्याच्या कितीतरी पट. म्हणून तिकडची 5 वर्षं आणि इकडची 5 वर्षं एका तराजूत घालता येत नाहीत.

तिसरी चूक थोडं कळल्यावरची. एका बैठकीत मी ठासून सांगितलं, की या व्हिस्कीत दशलक्षात 55 भाग फिनॉल असतात. तो आकडा धुरी दिलेल्या जवाचा असतो. ऊर्ध्वपातनात त्यातलं बरंच मागे राहतं. ऐकणाऱ्यांनी विश्वास ठेवला होता, म्हणून प्रत्येकाला नंतर गाठून दुरुस्ती सांगितली.

हिवाळ्यात मित्र गावी आला. शेतात आगटी पेटवली, कणसं भाजली. बाटलीतली राहिलेली घेऊन गेलो होतो. दोघांना 20-20 मिलिलिटर ओतली, चमचाभर पाणी घातलं आणि ग्लास नाकापासून थोडा लांब धरला. आधी धूर आला, मग लिंबाची साल, मग जिभेवर खारटपणा, आणि शेवटी गोडसर राख बराच वेळ रेंगाळली.

त्याने घोट घ्यायच्या आधी मी त्या फोनबद्दल माफी मागितली. त्याने हातावर चोळलेला गरम हुरडा माझ्या तळहातावर ओतला.