टिकलीचं भाड्याचं घर

इंग्लंडहून परतल्यावर शेजारणींनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" लंडनचा पूल, राणीचा वाडा असं काहीतरी ऐकायची त्यांची तयारी होती. मी म्हटलं, "पागा पाहिली!" सगळ्या हसल्या. पण मैत्रिणींनो, खरंच सांगते, पंधरा दिवसांत त्या पागेनं मला जे शिकवलं, ते एखाद्या म्युझियमनं शिकवलं नसतं.

माझी थोरली बहीण बरीच वर्षं यॉर्कशरमध्ये राहते. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन मी तिच्याकडे गेले. लीड्सहून इल्कलीची गाडी धरली की अर्ध्या तासात आपण व्हार्फ नदीच्या खोऱ्यात पोचतो. एका अंगाला उंच माळ, खाली हिरवी कुरणं आणि ती कुरणं वेगळी करणाऱ्या दगडी ताली. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आपल्याकडच्या गडगा घातलेल्या शेतांची आठवण यावी अगदी! सूर्य मात्र आम्हाला जवळजवळ दिसलाच नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं तासभर मागे घेतात, त्यामुळे साडेचारलाच दिवे लागणीची वेळ. आई म्हणायची, "अगं, चहा प्यायचा की देवापुढे दिवा लावायचा?"

ताईची मुलगी पंधरा वर्षांची. तिची एक घोडी आहे. वेल्श कॉब जातीची, तपकिरी, ठेंगणी, दणकट. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून ताईनं घरातलं नाव ठेवलंय 'टिकली'. कागदोपत्री नाव वेगळं आहे, कारण तिथे घोड्याला पासपोर्ट लागतो! शिवाय २०२० पासून प्रत्येक घोड्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवणंही सक्तीचं झालं आहे. आई म्हणाली, "माझ्या पासपोर्टला मेले किती हेलपाटे पडले, आणि घोडीला आहे!"

आता ताईच्या घरामागे जेमतेम दोन दोऱ्यांवर कपडे वाळतील एवढी बाग. घोडी ठेवायची कुठे? त्यासाठी गावाबाहेर भाड्यानं घोडे ठेवून घेणाऱ्या पागा असतात. तिथे तीन प्रकार. पूर्ण सांभाळ म्हणजे चंदी, खरारा, लीद काढणं, सगळं पागेकडे. दुसरा प्रकार स्वतःचं स्वतः करण्याचा, म्हणजे जागा त्यांची आणि घाम तुमचा. तिसरा अर्धा सांभाळ. ताईनं हा मधला मार्ग घेतला होता. सकाळी पागेनं टिकलीला कुरणात सोडायचं, संध्याकाळी मायलेकींनी जाऊन बाकीचं करायचं.

ऐकायला किती सोयीचं! पण पहिल्याच दिवशी मला आमचं पुण्यातलं भाड्याचं बिऱ्हाड आठवलं. भिंतीभर पाट्या. हे फाटक उघडू नये. झाडू जागेवर ठेवावा. वाळलेलं गवत मालकिणीकडूनच घ्यावं. चिखल झाला म्हणून निम्मं कुरण बंद, भाडं मात्र पूर्ण. मालकीणबाई बोलायला गोड, पण काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "आमच्याकडे हिवाळ्यात असंच असतं." दोनदा आम्ही गेलो तेव्हा टिकलीची गवताची जाळी रिकामी. ताई मुकाट्यानं गाडीतून गवत काढून भरायची.

भाचीनं मला समजावून सांगितलं, "मावशी, घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, तो खात असो वा नसो. म्हणून त्याला थोडं थोडं दिवसभर चरायला लागतं. चार तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नये. आणि घोड्याला उलटी होत नाही. पोटात बिघडलं तर बाहेर काढायची सोय नाही, पोटशूळ उठतो आणि जिवावर बेततं." पाणीही दिवसाला २५ ते ५० लिटर लागतं.

मी ताईला म्हटलं, "अगं, मग बोलत का नाहीस?"

"बोलून काय करू? जवळपास दुसरी जागा रिकामी नाही. बाईंनी उद्या 'घेऊन जा' म्हटलं, तर घोडी काय दिवाणखान्यात बांधू? अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे तर घोडीचा प्रश्न आहे!"

मी हसले, पण घशात काहीतरी अडकलं. का, ते पुढे सांगते.

पाच नोव्हेंबरला तिथे आपल्या दिवाळीसारखे फटाके उडतात. १६०५ साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी पार्लमेंट दारूगोळ्यानं उडवायचा बेत केला होता, तो फसल्याची ही आठवण. हा फॉक्स मूळचा यॉर्कचाच. माणसांची मजा होते, पण घोडे फटाक्यांना फार बिचकतात. कुंपणावर धडकतात, पाय मोडून घेतात. म्हणून त्या दिवशी अंधारापूर्वी टिकलीला आत घ्यायचं, गवत-पाणी ठेवायचं, दिवा आणि रेडिओ चालू ठेवायचा, असं ठरलं होतं. त्याचे वेगळे पैसे ताईनं आधीच भरले होते.

ताईला कामावरून सुटायला उशीर झाला. आम्ही सहाला पोचलो. फळ्यावर टिकलीच्या नावापुढे 'आत घेतली' अशी बरोबरची खूण होती. ठाणात मात्र टिकली नव्हती. जाळी रिकामी, बादली कोरडी.

ती काळोख्या कुरणात एकटी कुंपणाच्या कडेनं धावत होती. वर आकाशात लाल-हिरवी फुलं फुटत होती आणि प्रत्येक आवाजाला तिच्या टापा चिखलात फाडफाड वाजत होत्या. भाचीनं हाका मारल्या. तीनदा, चारदा. शेवटी आवाज ओळखून घोडी आली आणि तिच्या खांद्यावर मान टाकून थरथरत उभी राहिली. अंगावर घामाचा फेस. त्या मुलीनं रडत रडत तिला पुसलं, हळूहळू फिरवलं, पाणी दाखवलं. नशीब, कुठे लागलं नव्हतं. आई नुसती म्हणत होती, "मुकं जनावर गं, सांगणार कोणाला?"

दुसऱ्या दिवशी ताई बोलली. आवाज न चढवता, तारखा लिहिलेला कागद पुढे ठेवून. मालकीणबाई म्हणाल्या, चूक कामावरच्या मुलीची. ताई म्हणाली, "चूक कोणाचीही असो, फळ्यावरची खूण खोटी होती. तिच्या भरवशावर मी घरी राहिले असते तर?" तिनं महिन्याची सूचना लेखी दिली. २००६ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे प्राण्याची जबाबदारी मालकाची असते, तशीच ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचीही. पण इंग्लंडमध्ये घोडे शिकवणीला, भाड्यानं देणाऱ्यांना परवाना लागतो. नुसते सांभाळणाऱ्यांना लागत नाही. म्हणजे डोळ्यांत तेल घालून आपणच पाहायचं. आता टिकली एका शेतकऱ्याकडे आहे. अंतर दुप्पट, छप्पर साधं. पण जाळी भरलेली असते.

आता माझ्या घशात काय अडकलं होतं ते. मी अर्धवेळ शिकवते, म्हणून माझा चार वर्षांचा मुलगा दुपारी पाळणाघरात असतो. त्याच्या वहीत रोज लिहिलेलं असतं 'जेवला'. डबा मात्र कितीतरी दिवस भरलेलाच परत येत होता. मीही ताईसारखीच गप्प होते. विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं, तर नोकरीचं काय?

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी मी पाळणाघराच्या दारात थांबले. डबा उघडून दाखवला आणि शांतपणे विचारलं. बाई आधी गोंधळल्या, मग खरं बोलल्या. भरवणारी मुलगी काम सोडून गेली होती, वही मात्र सवयीनं भरली जात होती. आता त्या स्वतः मुलांबरोबर जेवायला बसतात. मीही अधूनमधून न सांगता डोकावते.

मैत्रिणींनो, मूल असो, म्हातारं माणूस असो की मुकं जनावर, दुसऱ्याच्या हाती सोपवताना काय ठरलं ते लिहून घ्या. पैसे कशाकशाचे ते आधी विचारा. वेळ बदलून जाऊन पाहा. आणि फळ्यावरच्या खुणेपेक्षा गवताच्या जाळीवर विश्वास ठेवा.

परवा भाचीचा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, टिकली बाळसं धरतेय!"